१४ महिने चाललेली गोळी थांबते, तेव्हा पेशीच्या आत काय घडलेलं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंना फुप्फुसाचा कर्करोग, ॲडिनोकार्सिनोमा प्रकारचा. तपासणीत ईजीएफआर जनुकात बदल सापडला, म्हणून केमोऐवजी रोज एक जेफिटिनिबची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला गेला, स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली. १४ महिन्यांत एकही डोस चुकला नाही. आता त्याच जागी गाठ पुन्हा वाढते आहे. शरीराला औषधाची सवय झाली का? डोस आधीच वाढवायला हवा होता का? आमच्याकडून काही राहून गेलं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ओपीडीत तो विचारताना माणसांचा आवाज बदलतो. तुमच्याकडून काहीही राहून गेलेलं नाही. डोस वाढवून हे टळलं नसतं. आहारात किंवा आईंच्या मनाच्या खंबीरपणातही काही कमी पडलेलं नाही. आणि 'सवय' हा शब्दही बाजूला ठेवा. सवय शरीराला झोपेच्या गोळीची होते. इथे बदलली आहे ती गाठीतल्या पेशींची वस्ती. जागा तीच आहे, पण १४ महिन्यांपूर्वी तिथे बहुसंख्य असलेल्या पेशी आणि आज वाढणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत.

हे नीट समजावं म्हणून थोडं मागे जाऊ, रोग मुळात कसा होतो तिथपर्यंत. विषयांतर वाटेल, पण रोग होणं आणि रोगानं औषधाला दाद न देणं या एकाच यंत्रणेच्या दोन पायऱ्या आहेत.

आपल्या प्रत्येक पेशीत वाढीचे आदेश घेणारी प्रथिनं असतात. ईजीएफआर त्यांपैकी एक. ते पेशीच्या आवरणात आरपार रोवलेलं असतं. बाहेरच्या टोकाला वाढीचा रेणू येऊन चिकटला की अशी दोन प्रथिनं जोडीनं उभी राहतात, आतलं टोक जागं होतं आणि 'विभाजन करा' हा निरोप केंद्रकापर्यंत जातो. बाहेरचा रेणू सुटला की निरोप थांबतो. तुमच्या आईंच्या गाठीत हे थांबणंच बिघडलं होतं. रिपोर्टमध्ये 'एल८५८आर' असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ प्रथिनाच्या ८५८व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनिन बसलं आहे (प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, ही त्यांतली दोन नावं). डीएनएच्या भाषेत सीटीजी हा तीन अक्षरांचा शब्द सीजीजी झाला. एक अक्षर. तेवढ्यानं ते आतलं टोक बाहेरून आदेश न येताही जागंच राहतं.

एका अक्षरानं एवढं होऊ शकतं हे १९८२ साली पहिल्यांदा स्पष्ट झालं. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत रास नावाच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं आणि प्रथिनाच्या १२व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलेलं दिसलं. त्याआधी १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या विषाणूत जे जनुक असतं, त्याचा मूळ नमुना निरोगी पेशीतच असतो. विषाणूनं तो तिथूनच उचललेला असतो. या कामासाठी त्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळालं. कर्करोगाची जनुकं बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, ती आपलीच कामाची जनुकं असतात, हे तेव्हापासून पक्कं झालं.

वाढीचा आदेश सतत चालू राहणं एवढंच मात्र पुरेसं नसतं. पेशीकडे आवर घालणारी जनुकंही असतात. १९७१ मध्ये अल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीचा हिशेब मांडला. ज्या मुलांत एक बिघडलेली प्रत जन्मतःच आलेली असते, त्यांना दुसरी प्रत बिघडली की रोग होतो. बाकीच्या मुलांत दोन्ही प्रती एकाच पेशीत बिघडाव्या लागतात, म्हणून त्यांना तो उशिरा आणि बहुधा एकाच डोळ्यात होतो. आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही जायला हव्यात, हा निष्कर्ष त्यांनी ते जनुक कुणी पाहिलेलंही नसताना, केवळ मुलांच्या वयांच्या नोंदींवरून काढला. मला आजही त्याचं फार अप्रूप वाटतं.

या आवर घालणाऱ्यांत पी५३ सर्वांत महत्त्वाचं. डीएनएला इजा झाली की ते विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलं असतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. पी५३ गेलं की चुका झालेल्या पेशी मरत नाहीत, चुकांसकट पुढे जातात. गाठीत नुसती संख्या वाढत नाही, विविधता वाढते. पीटर नोवेल यांनी १९७६ मध्ये हे एका सलग विचारात मांडलं: गाठ म्हणजे एका पेशीपासून सुरू झालेली, पण पुढे फांद्या फुटत गेलेली वंशावळ आहे आणि त्या फांद्यांमध्ये निवड चालू असते.

आता आईंच्या गाठीकडे. साध्या हिशेबानं बघू. १ सेंटीमीटरच्या गाठीत साधारण १० कोटी ते १०० कोटी पेशी असतात. निदान होतं तेव्हा गाठ बहुधा त्याहून मोठी असते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि सगळी तपासणी-दुरुस्ती झाल्यावरही सुमारे १०० कोटी अक्षरांमागे एखादी चूक राहून जाते. म्हणजे कोणतंही एक ठरावीक अक्षर एका विभाजनात चुकण्याची शक्यता १०० कोटींत एक. नगण्य वाटते. पण गाठ तेवढी होईपर्यंत विभाजनं १०० कोटींहून अधिक झालेली असतात, कारण वाटेत मेलेल्या पेशीही मोजायच्या. मग ते ठरावीक अक्षर गाठीतल्या कुठल्याच पेशीत बदललेलं नाही, असं समजणं धाडसाचं ठरेल.

पहिली गोळी घेतली त्या सकाळी, त्या गोळीला न जुमानणाऱ्या मूठभर पेशी बहुतेक गाठीत होत्याच. त्यांना तोवर काही फायदा नव्हता, म्हणून त्या गर्दीत हरवलेल्या होत्या. गोळीनं बाकीच्या मारल्या, जागा मोकळी झाली, आणि त्या मूठभरांना वाढायला मैदान मिळालं. १४ महिने हा त्यांना मूठभरापासून स्कॅनवर दिसेपर्यंत वाढायला लागलेला वेळ आहे.

'औषधामुळे बदल झाला' आणि 'बदल आधीच होता, औषधानं तो पुढे आणला' यांतला फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न कर्करोगाच्या आधी जिवाणूंच्या बाबतीत सुटला. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूसोबत थाळीवर पसरले. विषाणूचा संपर्क आल्यावर प्रतिकार निर्माण होत असेल, तर प्रत्येक थाळीवर वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी, कारण संपर्क सगळ्यांना सारखाच आला. प्रत्यक्षात बऱ्याच थाळ्यांवर काहीच नव्हतं, काहींवर थोडे होते आणि एखाद्या थाळीवर प्रचंड. त्याचा एकच अर्थ निघतो: त्या नळीत विषाणू येण्याच्या बऱ्याच आधी, वाढीच्या सुरुवातीलाच एका जिवाणूत बदल झाला होता आणि थाळीवर त्याचं सगळं खानदान उतरलं. रुग्णांच्या नातेवाइकांना मी हा प्रयोग कागदावर नळ्या काढून दाखवते. बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा तिथे उतरतो.

पण एवढ्यावर थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. २०१० मध्ये प्रयोगशाळेत असं दिसलं की ईजीएफआरच्या औषधात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी ठेवल्या, तर हजारातल्या जेमतेम तीन मरत नाहीत आणि त्यांच्यात प्रतिकाराचं कुठलंही म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, नसतो. त्या फक्त मंदावतात. डीएनएभोवतीची बांधणी बदलून, विभाजन जवळजवळ बंद ठेवून दिवस काढतात. औषध काढलं की त्या पुन्हा पहिल्यासारख्या वाढतात आणि पुन्हा औषधाला बळीही पडतात. तग धरणाऱ्या या पेशींचा धोका वेगळा आहे. त्या महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि त्या काळात त्यांच्यातल्या एखादीत खरं म्युटेशन घडतं. त्यामुळे काही रुग्णांत प्रतिकार आधीपासून असतो, काहींत तो या तग धरलेल्या पेशींतून नंतर जन्मतो. आईंच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं हे स्कॅनवरून कळत नाही. काय उगवलं आहे, ते मात्र शोधता येतं आणि पुढचे सगळे उपचार त्यावर ठरतात.

जेफिटिनिब किंवा त्याच जातीच्या एर्लोटिनिबवर असलेल्या रुग्णांत गाठ पुन्हा वाढते तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त जणांत एकच बदल सापडतो: टी७९०एम. हा जवळून बघण्यासारखा आहे. ईजीएफआरच्या आतल्या टोकाला एक खाच असते. पेशीचं इंधन असलेला एटीपीचा रेणू तिथे येऊन बसतो आणि प्रथिन काम करतं. जेफिटिनिब त्याच खाचेत बसून एटीपीची जागा अडवतं. खाचेच्या आतल्या बाजूला, ७९०व्या जागी, थ्रिओनिन असतं. संशोधक त्याला द्वारपाल म्हणतात. एसीजी या शब्दाचं एटीजी झालं की तिथे थ्रिओनिन जाऊन मोठ्या आकाराचं मेथिओनिन येतं. सुरुवातीला वाटलं की मेथिओनिन आडवं आल्यानं औषध आत शिरत नसेल. मग मोजमाप केल्यावर वेगळंच निघालं. औषध अजूनही बऱ्यापैकी बसतं, पण बदललेली खाच एटीपीला आधीपेक्षा कितीतरी घट्ट धरते. पेशीत एटीपी मुबलक असतं, त्यामुळे जागेच्या शर्यतीत औषध हरतं. डोस वाढवून उपयोग का झाला नसता, ते इथे कळतं: सहन होईल एवढ्या डोसमध्ये ती शर्यत जिंकता येत नाही.

यावर जी तोड निघाली ती ओसिमेर्टिनिब, अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेलं. ते शर्यतच लावत नाही. खाचेच्या काठावर ७९७व्या जागी सिस्टीन असतं, त्याच्या गंधकाच्या अणूशी ते कायमचा रासायनिक बंध बांधतं आणि बसूनच राहतं. टी७९०एम असलेल्या रुग्णांत याची केमोशी तुलना झाली तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत त्याहून जास्त, निम्म्यांत कमी) १०.१ महिने आला, केमोवर तो ४.४ महिने होता. पुढे हे औषध सुरुवातीपासूनच दिलं तर काय होतं, हेही तपासलं गेलं: जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने, ओसिमेर्टिनिबवर १८.९.

आणि तरीही १८.९ हा आकडाच आहे, त्याला शेवट आहे. ओसिमेर्टिनिबवरही काही गाठींत ७९७व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन येतं. या दोन अमिनो आम्लांत फरक केवढा? गंधकाच्या एका अणूच्या जागी ऑक्सिजनचा एक अणू. औषधाचा बंध ज्या अणूशी व्हायचा तोच नाही, म्हणून औषध टिकत नाही. बाकी प्रथिन जवळजवळ तसंच. माझ्या उमेदीच्या काळात हे रिपोर्ट नव्हतेच. आज एका अणूच्या फरकापर्यंत आपण पोचलो आहोत याचं मला समाधान वाटतं, आणि तो एक अणू माणसाचे महिने ठरवतो याचा त्रासही होतो.

द्वारपालाचीच गोष्ट रक्ताच्या एका कर्करोगात आधी घडून गेली होती. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि २२वं आखूड होतं. १९६० मध्ये ते आखूड गुणसूत्र फिलाडेल्फियात दिसलं, १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी अदलाबदल ओळखली, आणि तिच्यातून तयार होणाऱ्या प्रथिनावर इमॅटिनिब २००१ मध्ये आलं. त्याच वर्षी प्रतिकारही समजला: द्वारपालाच्या जागचं थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसीन आलं होतं, टी३१५आय. मात्र त्या रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात इमॅटिनिबवर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं चांगले राहतात आणि फुप्फुसात तसं होत नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. त्या टप्प्यात पेशींची वंशावळ तरुण असते, फांद्या कमी असतात, सगळा भार एकाच बिघाडावर असतो. तोच ल्युकेमिया शेवटच्या, तीव्र टप्प्यात गेला की तेच औषध फार काळ पुरत नाही. फुप्फुसाची गाठ बहुधा निदानाच्या दिवशीच अनेक फांद्यांची असते.

औषध बसतं ती खाचच बदलणं, ही प्रतिकाराची पहिली वाट झाली. आता दुसरी वाट. औषध खाचेत नीट बसलेलं आहे, ईजीएफआर बंद आहे, तरी पेशी वाढते, कारण तिनं शेजारचा रस्ता धरला. मेट नावाचं दुसरं प्रथिन असतं. त्याच्या जनुकाच्या प्रती पेशीत वाढतात आणि आतला निरोप त्या मार्गानं जायला लागतो. इथे ईजीएफआरचं अधिक चांगलं औषध शोधून उपयोग नाही, दुसरा रस्ताही अडवावा लागतो.

आडवाटेचं सर्वांत बोलकं उदाहरण बीरॅफ या जनुकाचं आहे. व्ही६००ई हा त्यातला बदल त्वचेच्या मेलॅनोमात असतो आणि मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही असतो. अक्षर तेच, प्रथिन तेच. त्याला अडवणारं औषध मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत गाठ लहान करतं. आतड्याच्या कर्करोगात तेच औषध एकटं दिलं तर अगदी थोड्यांनाच गुण येतो. याचा उलगडा २०१२ मध्ये झाला. बीरॅफचा निरोप चालू असताना तो वरच्या ईजीएफआरला दाबून ठेवत असतो. औषधानं बीरॅफ बंद केलं की तो दाब सुटतो आणि ईजीएफआर उसळून येतं. आतड्याच्या पेशींत ईजीएफआर भरपूर असतं, मेलॅनोमात फारच कमी. म्हणून आतड्याच्या रोगात दोन्ही एकदम अडवावी लागतात, आणि तशी जोडी आज वापरात आहे. म्युटेशन जुळलं म्हणजे औषध जुळलं असं समजणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते. पेशी कुठल्या अवयवाची आहे, हे विसरून चालत नाही.

तिसरी वाट मला सर्वांत जास्त बेचैन करते. काही गाठी आपली जातच बदलतात. सुरुवातीच्या बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा असतो. काचपट्टीवर पेशी ग्रंथीसारख्या गोल रचनेत मांडलेल्या, भरपूर पेशीद्रव्य असलेल्या दिसतात. वर्षा-दीड वर्षानं पुन्हा घेतलेल्या तुकड्यात लहान, गडद निळ्या पेशींची दाटी असते, पेशीद्रव्य नावापुरतं, केंद्रकं एकमेकांवर दाबून चपटी झालेली. हा स्मॉल सेल कर्करोग. डीएनए तपासलं तर मूळचं ईजीएफआर म्युटेशन अजून तिथेच असतं, म्हणजे ही दुसरी गाठ नाही, त्याच वंशाची आहे. पण पेशी आता ते प्रथिन फारसं बनवतच नाही, मग त्याच्यावरची गोळी काय करणार? असं शंभरातल्या थोड्याच रुग्णांत होतं, आणि ज्यांच्या गाठीत पी५३ आणि रेटिनोब्लास्टोमाचं ते जनुक, आरबी१, दोन्ही गेलेली असतात त्यांच्यात विशेषकरून. पी५३ लक्षात ठेवा म्हणाले ते यासाठी. इथे उपचार पूर्ण बदलतात: प्लॅटिनम आणि एटोपोसाइड ही केमो. ती वेळेवर सुरू झाली तर गाठ अनेकदा चटकन लहान होते.

केमोला होणारा प्रतिकार थोडक्यात सांगते. १९७६ मध्ये पी-ग्लायकोप्रोटीन सापडलं, पेशीच्या आवरणातला पंप, जो अनेक औषधं आत आली की बाहेर फेकतो. पंप बंद करणारी औषधं देऊन पाहिली गेली, पण त्यांनी रुग्णांचा फायदा झाला नाही. हाच पंप निरोगी अवयवांतही संरक्षणाचं काम करतो आणि गाठीकडे पंपाखेरीज इतरही वाटा असतात. डीएनए दुरुस्त करणारं बीआरसीए हे जनुक बिघडलेल्या गाठींवर पार्प हे दुरुस्तीचं दुसरं प्रथिन अडवणारी औषधं देतात, तिथे कधीकधी बिघडलेल्या जनुकातच दुसरा बदल होऊन ते पुन्हा वाचता येण्याजोगं बनतं आणि पेशीला दुरुस्तीची क्षमता परत मिळते. शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीत गाठ बी२एम हे पेशीची ओळख बाहेर दाखवायला लागणारं प्रथिन गमावते, मग प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना तिची ओळखच पटवता येत नाही. यंत्रणा वेगळ्या, पण सगळीकडे निवड तीच.

मग एकाच वेळी दोन औषधं का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. देतात, आणि कर्करोगाच्या उपचारांतलं सर्वांत जुनं यश त्यातूनच आलं आहे. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा तीव्र कर्करोग असलेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, १० जणांत सुधारणा झाली, पण ती टिकली नाही. औषधं एकत्र द्यायला लागल्यावर चित्र पालटलं. एका औषधाला न जुमानणारी पेशी १० लाखांत एक आणि दुसऱ्याला न जुमानणारीही १० लाखांत एक असेल, तर दोन्हींना न जुमानणारी १ लाख कोटींत एक. अट एवढीच की दोन्हींपासून वाचण्याच्या वाटा वेगळ्या हव्यात. एकच पंप दोन्ही औषधं बाहेर फेकत असेल तर हा गुणाकार चालत नाही. फुप्फुसातही ओसिमेर्टिनिबसोबत सुरुवातीपासून केमो दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेला, हे २०२३ मध्ये दिसलं. त्रासही वाढतो, त्यामुळे मी ते प्रत्येकाला देत नाही. रोगाचा भार जास्त असेल, मेंदूत पसरलेला असेल आणि माणूस झेपवू शकत असेल तर आवर्जून देते.

आता आईंसाठी काय करायचं ते. डॉक्टर सांगेपर्यंत गोळी आपणहून बंद करू नका. गाठ वाढत असली तरी तिच्यातल्या बऱ्याच फांद्या अजून गोळीला घाबरून आहेत. गोळी अचानक थांबवल्यावर काही रुग्णांत रोग झपाट्यानं वाढलेला मी पाहिला आहे. पुढचं औषध हातात आल्यावरच जुनं सोडायचं.

दुसरं, इतर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, अगदी पित्ताच्या गोळीसकट. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब यांना शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज चालू असतील तर रक्तातलं प्रमाण घसरतं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन यकृतातली विकरं वाढवून हीच औषधं लवकर संपवतं. असं काही सापडलं तर तो गाठीचा प्रतिकार नसू शकतो.

तिसरं, वाढ कुठे आहे ते विचारा. एकच ठिपका वाढला आणि बाकी सगळं शांत असेल, तर त्या ठिपक्याला रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवता येते. फक्त मेंदूत वाढ असेल, तर पेशी बदललेली असेलच असं नाही. जुन्या गोळ्या मेंदूत पुरेशा पोचत नाहीत. ओसिमेर्टिनिब तिथे बरंच चांगलं पोचतं.

आणि मग तपासणी. आधी रक्तावर लिक्विड बायोप्सी करा. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे त्यात शोधतात आणि टी७९०एम सापडलं तर उत्तर मिळालं, आईंना सुई टोचायची गरज उरत नाही. पण रक्तात काही सापडलं नाही म्हणून गाठीत नाही असं धरू नका. खरोखर टी७९०एम असलेल्या रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकाचा रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, कारण काही गाठी रक्तात डीएनए फारसं सोडतच नाहीत. अशा वेळी वाढणाऱ्या जागेतूनच पुन्हा बायोप्सी हवी. जुन्या तुकड्यावर पुन्हा तपासणी करून भागत नाही, तो १४ महिन्यांपूर्वीच्या वस्तीचा आहे. पेशींची जात बदलली आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट कळतं, ते रक्तातून खात्रीनं समजत नाही.

आई दुसऱ्या बायोप्सीला कंटाळतील, 'पुन्हा कशाला टोचता' म्हणतील. त्यांना सांगा की पहिल्या वेळी रोग कोणता ते बघायचं होतं, या वेळी त्याची वाट कोणती ते बघायचं आहे. आणि नमुना पाठवताना फॉर्मवर डॉक्टरांना एवढं लिहायला सांगा: 'ईजीएफआर म्युटेशन, जेफिटिनिब १४ महिने, आता वाढ; स्मॉल सेल आहे का पाहावे, मेट तपासावे, म्युटेशन तपासणीसाठी तुकडा राखून ठेवावा.' सुईनं निघणारा तुकडा दोऱ्याएवढा बारीक असतो. या दोन ओळी नसतील, तर नेहमीच्या तपासण्यांतच तो संपून जातो.